विहीणबाई आणि आंबलेला समुद्र

विजयाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुके बोंबील साफ करत होते. माझा मुलगा मिलिंद फोनवर म्हणाला, आई, मेघनाची मम्मी गेली, पहाटे, झोपेतच. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि उरलेल्या बोंबलांची डोकी मोडून टाकली. अर्धवट ठेवले असते तर घरभर वास सुटला असता. ते बोंबील त्यांच्यासाठीच होते. दर गुरुवारी त्या बसने माझ्याकडे जेवायला यायच्या, शेवटी शेवटी मीच डबा न्यायचे. लहानपणी घरात मासा म्हणायचीही चोरी होती, त्यामुळे साठीनंतर त्यांनी सगळी भरपाई करून घेतली. त्या गुरुवारी मी एकटीनेच जेवले. कालवण चांगलं झालं होतं.

मग मंडळातल्या बायकांचे फोन सुरू झाले. इथे इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत आपली माणसं कमी नाहीत आणि त्या सगळ्यांना अंत्यविधी कधी ते हवं होतं. मी सांगितलं, अंत्यविधी नाही. बाईंनी देह मेडिकल कॉलेजला दिला आहे. एकीने तर विचारलं, मग फुलं कुठे पाठवायची? मी म्हटलं, स्वतःच्याच घरात ठेवा. विजयाबाई पॅथॉलॉजिस्ट होत्या. हॉस्पिटलात माणूस कशाने मेला हे मेल्यावर शोधून काढायचं, हे त्यांचं काम. सगळी नोकरी त्यात गेली. देहदानाचं बोलल्या तेव्हा मला म्हणाल्या होत्या, इतक्या लोकांना उघडून बघितलं, आता माझी पाळी, त्यात लाजायचं काय.

त्या माझ्या विहीणबाई. त्यांची मेघना माझ्या मिलिंदला दिली. दिली म्हणजे काय, दोघांनी आपलं आपण ठरवलं आणि आम्हाला कळवलं. मी चौथी पास, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुऊन निवृत्त झालेली. त्या डॉक्टर, पुण्याच्या, माहेर सोवळ्यातलं, पण स्वतः कशालाच न मानणाऱ्या. आमच्या लोकांत लग्न म्हणजे बुद्धवंदना घ्यायची, हार घालायचे आणि जेवायला बसायचं. मानपान नाही, हुंडा नाही, रुसवेफुगवे नाहीत. हे विजयाबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी पुण्याच्या बहिणीला फोन करून मुलाच्या आईचं काय काय करायचं ते विचारून घेतलं होतं. लग्नाच्या दिवशी हॉलच्या किचनमागे मला बाजूला घेऊन गेल्या. पैठणी, चांदीची वाटी, आणि खाली प्लॅस्टिकचा टब. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, तुमचे पाय धुवायचे आहेत.

मी म्हटलं, "अहो डॉक्टरीणबाई, मी सकाळीच धुऊन आले."

त्या आधी लाल झाल्या आणि मग इतक्या हसल्या की टबातलं पाणी त्यांच्याच साडीवर सांडलं. त्यांच्यासारख्या घरातली बाई माझ्यासारखीचे पाय धुणार, हे बघायला माझी आई हवी होती, असं मात्र माझ्या मनात आलं. मी काही घेतलं नाही. त्या म्हणाल्या, मग हा मान तुमचा राहिला, केव्हाही मागा, मुलाच्या आईला नाही म्हणता येत नाही. मी म्हटलं, बघू.

निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात नाहीतर क्रूझवर जातात. या बाई दगड गोळा करायला लागल्या. समुद्रकिनाऱ्यावर जाऊन जुन्या जीवांचे दगड झालेले सांगाडे आणि शिंपले शोधायच्या. घरातली मधली खोली ड्रॉवरच्या कपाटांनी भरली. मी एकदा म्हटलं, आयुष्यभर मेलेल्यांत राहून कंटाळा नाही आला? तर म्हणाल्या, हे जुने मेलेले आहेत, यांचे नातेवाईक ओरडत नाहीत. त्यांचा सगळ्यात लाडका प्राणी अमोनाईट. ज्यांच्या देव्हाऱ्यात शाळिग्राम आहे त्यांनी तो पाहिलेला असतो, गोल वळणाचं चाक उमटलेलं असतं तो. तो म्हणजे शंखात राहणारा, माखली-माकुळाच्या नात्यातला समुद्रातला जीव. विजयाबाईंच्या आईने जन्मभर एका माखलीच्या भावकीला तुळशी वाहिली, असं त्या सांगायच्या आणि वर कालवणाचा रस्सा मागायच्या.

एका गुरुवारी त्यांनी मला समुद्र आंबल्याची गोष्ट सांगितली. वीस कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटली, लाव्हा वर आला, आणि थोडाथोडका नाही, फार मोठ्या मुलखावर येत राहिला. त्यातला वायू हवेत गेला, हवेतून पाण्यात गेला. समुद्र तापला, पाण्यातला प्राणवायू घटला आणि पाणी आंबट झालं. मी म्हटलं, समुद्र काय ताक आहे आंबायला? त्यांनी मला चिप्सवर टाकायचं व्हिनेगर मागितलं, स्टीलच्या वाटीत ओतलं आणि त्यात अंड्याचं टरफल टाकलं. टरफलावर बुडबुडे आले. आम्ही जेवलो, भांडी घासली, चहा घेतला. चहा होईपर्यंत बुडबुडे थांबले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर टरफलाची नुसती साल राहिली होती, ओल्या कागदासारखी लुळी. मी त्यांना फोन करून सांगितलं, तुमचा समुद्र माझ्या वाटीत आहे, याचं काय करू? म्हणाल्या, ओता सिंकमध्ये, पण आता कळलं ना शिंपले बांधून राहणाऱ्यांचं काय झालं असेल ते.

मग दर गुरुवारी थोडं थोडं कळत गेलं. प्रवाळांची मोठमोठी बेटं बसली. दातवाले म्हणून बारीक, वाममाशासारखे जीव होते, कोट्यवधी वर्षं समुद्रात होते, ते कायमचे गेले. त्यांचे फक्त दात सापडतात. मी म्हटलं, माझं उलट झालं, दात गेले आणि मी राहिले. मोठे मासळीसारखे सरडे बरेचसे संपले, काही निभावले. अमोनाईट तर इतके कमी झाले की जवळजवळ संपलेच. त्यांतली एखाददुसरी शाखा कशीबशी पार झाली आणि नंतरचे सगळे तिच्यापासून झाले, देव्हाऱ्यातले सुद्धा. मी विचारलं, मग वाचले कोण, हुशार की मजबूत? त्या म्हणाल्या, तसं काही नसतं. चिखलात बसून मिळेल ते खाणाऱ्या साध्या कालवांनी तर नंतर सगळा तळ भरून टाकला.

मी म्हटलं, "म्हणजे आम्ही."

"म्हणजे तुम्हीच. आमच्याकडचे सोवळं सोडायचं की नाही यावर चर्चा करत मेले असते."

आणि ती वाचलेली अमोनाईटची शाखा? ती का वाचली? यावर त्या खांदे उडवायच्या. काही खोल पाण्यात असतील, काहींचं नशीब असेल, नक्की कुणालाच माहीत नाही म्हणायच्या. डॉक्टर असून माहीत नाही असं सरळ म्हणायच्या, हे मला त्यांचं आवडायचं.

मग त्यांचं हृदय बिघडलं. मोठं झालं, पातळ झालं, पाणी साठायला लागलं. कन्सल्टंट त्यांना समजावून सांगत होता तर त्यांनीच त्याला पुढचं सांगितलं. बसस्टॉपपासून माझ्या दारापर्यंत यायला दोनदा थांबायला लागायचं. एका गुरुवारी खुर्चीत टेकल्या, श्वास येऊ दिला आणि म्हणाल्या, एक गोष्ट राहिली. सॉमरसेटमध्ये वॉचेट म्हणून गाव आहे, तिथल्या किनाऱ्यावर ते सगळं दगडात दिसतं. खाली आंबण्याआधीचे थर. मग असे थर की ज्यांत अमोनाईट नाहीच, एकही नाही. आणि त्यावर एका थरात पहिला दिसतो, चपटा, चमकणारा. दगड गोळा करणाऱ्यांच्या क्लबबरोबर त्या तिथे गेल्या होत्या, पण क्लबातले लोक भराभर पुढे जायचे आणि त्या मागे राहायच्या. दुसऱ्यांनी शोधलेले त्यांनी पाहिले होते. स्वतः चालत त्या रिकाम्या थरावरून जाऊन त्याच्यापर्यंत पोचायचं राहिलं होतं.

मी विचारलं, त्यात एवढं काय आहे? ड्रॉवर भरलेत की.

त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं मला लोक विचारत आले, हा कशाने मेला. वाचला तो कसा दिसतो, हे कुणी विचारलंच नाही. मला बघायचाय."

मेघनाने साफ नाही म्हटलं. रविवारी तिच्याकडे जेवायला बसलो असताना विषय निघाला. ती इथे जन्मलेली, मराठी बोलते ते आमच्यासाठी. "मम्मी, तू नाय जायचं. तुझा हार्ट किती वीक झाली, कन्सल्टंट काय बोलला ऐकला ना? स्लिपरी रॉक्सवर? नो." तिचं चुकत नव्हतं. एकुलती एक मुलगी, बाप आधीच गेलेला. विजयाबाईंनी मान खाली घातली आणि भात कालवत बसल्या. आयुष्यभर कुणाला न घाबरलेली बाई पोरीपुढे गप्प झाली, ते मला बघवलं नाही.

मी पाणी प्यायले आणि म्हटलं, लग्नात माझा मान राहिला होता, तो मला आता पाहिजे. मेघना म्हणाली, आई, कसला मान? मी म्हटलं, मुलाच्या आईचा मान. तुझ्या आईने मला समुद्र दाखवायचा. वॉचेटचा.

"दॅट्स नॉट अ थिंग," मेघना म्हणाली.

"इट इज व्हेरी मच अ थिंग," विजयाबाई म्हणाल्या. चेहरा असा गंभीर, जणू कोर्टात साक्ष देत होत्या. "आता माझ्या हातात काही नाही. वरमाईचं मागणं आहे, नाही म्हटलं तर तुझ्या संसाराला बरं नाही."

मिलिंदला ठसका लागला. आमच्यात असलं काही नसतं हे त्याला पक्कं माहीत. पण तो एकदा माझ्याकडे आणि एकदा सासूकडे बघून गप्प बसला. पोरगा शहाणा आहे. शेवटी मेघनाने अटी घातल्या. मिलिंदने गाडीने न्यायचं, वर बाकावर बसून समुद्र बघायचा, आइस्क्रीम खायचं, परत यायचं. खाली उतरायचं नाही. आम्ही दोघींनी हो हो म्हटलं.

सप्टेंबरात गेलो. मिलिंदला ऑफिसची मीटिंग होती, तो कार पार्कमध्ये लॅपटॉप उघडून बसला. आम्ही त्याला म्हटलं, तू कर तुझं काम, आम्ही बाकावर आहोत. बाकावर आम्ही बसलोही, आइस्क्रीम संपेपर्यंत. पाणी बरंच लांब गेलं होतं. विजयाबाईंनी ओहोटीची वेळ आधीच बघून ठेवली होती आणि मी बागेतली घडीची खुर्ची पिशवीत घालून आणली होती. एकमेकींना आम्ही काही सांगितलं नव्हतं, दोघींनी आपापलं केलं होतं.

पायऱ्या त्या बसून उतरल्या, एकेक पायरी, लहान मूल उतरतं तशा. खाली करड्या दगडांचे पट्टे तिरके पसरलेले, एकावर एक पोळ्या सरकवून ठेवाव्यात तसे. वर चढायचं नसतं, किनाऱ्याने चालत गेलं की काळ पुढे सरकतो, असं त्यांनी समजावलं. मी खुर्ची उघडायची, त्या बसायच्या, श्वास घ्यायच्या, उठायच्या. मी खुर्ची मिटायची, पुढे नेऊन मांडायची. एक थर ओलांडला की त्या सांगायच्या, इथपर्यंत सगळे होते. मग एका पट्ट्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, इथून बघा. मी बघितलं. नुसता दगड. पुढचाही तसाच. कालवांची टरफलं मात्र ठिकठिकाणी, नखाएवढी, माझ्या बुटाखाली चिकटलेली. त्या म्हणाल्या, यांना काही फरक पडला नाही बघा. मी म्हटलं, कामावरच्या बाया आहेत, त्यांना वेळ नसेल. ती सगळी रिकामी जागा आम्ही दोघी चाललो. एरवी पाच मिनिटांचं अंतर असेल, पण मध्ये मध्ये खुर्ची, आणि मध्ये मध्ये त्यांचे निळे पडलेले ओठ. मी एकदा विचारलं, परत फिरायचं का? त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं, पुढे मांडा.

पहिला त्यांनाच दिसला. मी त्याच्यावर पाय ठेवणार होते. पातळ दगडावर दाबून चपटा झालेला, मोठ्या नाण्याएवढा, आणि ऊन पडलं की लाल-हिरवा चमकणारा, माशीच्या पंखासारखा. विजयाबाई खाली बसल्या त्या चिखलातच. पिशवीतली पाण्याची बाटली काढली, त्याच्यावर थोडं पाणी ओतलं आणि तळहाताने पुसलं. मी म्हटलं, काढायचा का, माझ्याकडे भाजीची सुरी आहे. त्या म्हणाल्या, हात लावू नका, वीस कोटी वर्षं टिकलाय, तुमच्या सुरीने मरेल. मी समुद्राकडे बघत होते, कारण तो परत यायला लागला होता आणि तिथे तो चालत येत नाही, धावत येतो.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "हा कशाने वाचला ते मला अजून माहीत नाही. पण रिपोर्ट लिहायचा नाहीये. किती बरं वाटतंय."

तेवढ्यात वरून मिलिंदची हाक आली. तो ऑफिसचे बूट घालून दगडांवरून पळत येत होता, मी त्याला शाळेतही असा पळताना पाहिला नव्हता. तुम्ही दोघी वेड्या झालात का, एवढंच म्हणाला. मग वाकून सासूला पाठीवर घेतलं. आपल्यात जावयाला पाटावर बसवतात, इथे जावयाच्या पाठीवर सासू बसली आणि पायऱ्या चढेपर्यंत त्याला खाली दिसणाऱ्या प्रत्येक थराचं नाव सांगत राहिली. त्याला दम लागला होता, त्यांना नव्हता. मी मागून खुर्ची घेऊन आले.

मेघनाला सांगावं लागलंच नाही. मिलिंदच्या बुटांकडे बघून तिला कळलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. विजयाबाई मात्र खुशीत होत्या. त्यांची दिवाळी झाली, ख्रिसमस झाला, गुरुवारही होत राहिले, मी त्यांच्याकडे डबा घेऊन जायचे. जानेवारीत त्या फार थकल्या. फेब्रुवारीत गेल्या. सगळं आवरल्यावर मेघना मला म्हणाली, "आई, तुम्ही तिचे दिवस कमी केले." मी म्हटलं, केले असतील, मला ते मोजता येत नाही. खोटं कशाला बोलू? पण माफी मागितली नाही. ज्याची खंत वाटत नाही त्याची माफी मागणं मला जमत नाही. सून तोंड फिरवून गेली. खरं सांगायचं तर विजयाबाई गेल्या त्यापेक्षा ते मला जड गेलं. त्या गेल्या त्या मजेत गेल्या. ही तिशीतली पोर, आई गेलेली, आणि हातात राग सोडून काहीच नाही. ना अस्थी, ना थडगं.

मागच्या शनिवारी तिचा मेसेज आला, घर आवरायचंय, याल का. गेले. मधल्या खोलीतले ड्रॉवर ती एकेक उघडत होती आणि फोटो काढत होती, कुठल्यातरी म्युझियमला द्यायचे म्हणून. सगळे जुन्यापासून नव्यापर्यंत लावलेले. पांढरा कापूस, त्यावर दगड, खाली इंग्रजी चिठ्ठी. एका ड्रॉवरमध्ये दगड नव्हता. हॉस्पिटलात तुकडे ठेवायची असते तसली काचेची छोटी बशी होती, आणि तिच्यात वाळलेल्या करड्या चिखलाचं ढेकूळ. त्याच्यावर बुटाच्या तळाची नक्षी उमटलेली. मेघना म्हणाली, मम्मीने हा ड्रॉवर क्लीन नाही केली, आणि ओलं फडकं घेऊन आली.

मी म्हटलं, थांब. तो तुझ्या आईच्याच बुटाचा ठसा आहे. त्या दिवशीचा.

ती थांबली. मला विचारलं, मग तिथून शेल कुठली आणली? मी सांगितलं, कुठलीच नाही. आहे तो तिथेच दगडात आहे, तुझी आई बघून आली. आणि मग तिने विचारलं नव्हतं ते सगळं सांगितलं, बसून उतरलेल्या पायऱ्या, खुर्ची, पाण्याची बाटली, जावयाच्या पाठीवरचं व्याख्यान. पाठीवरचं ऐकताना ती हसली. मिलिंदने तिला तेवढं सांगितलंच नव्हतं. हसता हसता डोळे पुसले, ओल्या फडक्यानेच, त्यामुळे गालाला धूळ लागली.

तिने बशीला हात लावला नाही. ड्रॉवर हळूच आत सरकवला. फडकं सिंकमध्ये टाकून आली आणि दारात उभी राहून मला विचारलं, "आई, तिथे पार्किंग मिळतो का?"

मी म्हटलं, मिळतं. पण ओहोटीची वेळ आधी बघावी लागते.